दाणीकाकांची सव्वासहा फुटांवरची यादी

काल मला खांदा द्यायला मनाई झाली.

कारण माझी उंची. सहा फूट पाच इंच. बाकीचे तिघे साडेपाचच्या आसपास.

दाणीकाकांच्या दारासमोर तिरडी बांधून तयार होती. त्यांचे जुने दोस्त तिवारीजी मला हाताने मागे सारत म्हणाले, "भैया, तुम रहने दो. अर्थी टेढ़ी हो जाएगी."

बरोबरच होतं त्यांचं. पण मला राग आला. रडूही आलं.

या माणसाला खांदा द्यायचा नाही, तर ही उंची काय नुसती पंखे पुसायला मिळालीय?

जे काकांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. काका टाउनशिपमध्ये आमचे शेजारी. मूळचे उज्जैनचे. कारखान्याच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये आयुष्यभर लोकांचे सी.आर. टाइप केले. सी.आर. म्हणजे गोपनीय अहवाल, ज्याच्यावर प्रमोशन अडायचं.

उंची पाच फूट दोन इंच.

आणि वेड कसलं? तर जगातल्या अगडबंब हेवीवेट बॉक्सर्सचं.

त्यांची यादी होती. सर्वकाळातले सर्वश्रेष्ठ. सव्वासहा फुटांच्या आतल्याला प्रवेश नाही, मग तो कितीही महान असो. "त्यांची केडर वेगळी," म्हणायचे.

जवाहर चौकातल्या रद्दीवाल्याकडून जुनी मासिकं आणायची, क्लबात व्हीसीआरवर मॅच बघायची, आणि रविवारी सकाळी व्हरांड्यात बसून प्रत्येक बॉक्सरचा सी.आर. भरायचा.

हो. चक्क सी.आर. हजेरी. शिस्त. वरिष्ठांशी वागणूक. कनिष्ठांशी वागणूक.

वरिष्ठ म्हणजे चॅम्पियन. कनिष्ठ म्हणजे आपल्याहून लहान चणीचा गडी.

नावं इथे लिहीत नाही, कमेंटमध्ये मारामाऱ्या होतील. काकांनी ठेवलेली नावंच सांगतो.

पहिला नंबर 'क्रेन'चा. हात लांब, काम सावकाश, पण माल बरोबर जागेवर.

दुसरा 'बॉयलर'. तापायला चार राउंड लागायचे. तापला की जवळ कुणी जायचं नाही.

तिसरा 'गोदाम'. सगळ्यांत वजनदार. तिवारीजींचं म्हणणं, हाच पहिला हवा. ते स्वतः क्रेन ऑपरेटर, तरी क्रेनच्या विरोधात!

"दाणी साहब, उसका वजन तो देखो!"

"तिवारीजी, गोदाम का वजन देखके गोदाम को प्रमोशन देते हो क्या?"

हे भांडण वीस-पंचवीस वर्षं चाललं. दर रविवारी. चहासकट.

एकदा काकांनी गोदामच्या सी.आर.मध्ये प्रतिकूल नोंद केली. 'पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे बघून हसतो.' आता नियम असा, की प्रतिकूल नोंद त्या कर्मचाऱ्याला लेखी कळवावीच लागते.

काकांनी कळवली.

मासिकात सापडलेल्या अमेरिकेतल्या पत्त्यावर, इंग्रजीत टाइप करून. आपले काही म्हणणे असल्यास तीस दिवसांत सादर करावे.

एकतिसाव्या दिवशी काकांनी जाहीर केलं, "प्रतिनिवेदन आलं नाही. नोंद कायम."

तिवारीजी आठवडाभर बोलले नाहीत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, कारखान्यात अप्रेंटिस. शाळेपासून सगळे 'ऊँट' म्हणायचे, त्यामुळे खांदे पाडून चालायची सवय. काका म्हणाले, "हेमंत, अरे लोक एवढ्या उंचीसाठी तरसतात. चल रिंगमध्ये."

आयुष्यातली माझी एकमेव मॅच. इंटर-युनिट स्पर्धा. समोर फोर्ज शॉपचा एक जण, माझ्याहून मुंडकंभर बुटका.

पहिल्याच राउंडमध्ये माझा ठोसा त्याच्या नाकावर बसला. रक्त आलं.

मी दोन्ही हात खाली करून विचारलं, "ज़्यादा लगी क्या?"

त्याने उत्तरादाखल मला झोपवलं.

अख्खा हॉल हसला. माझे बाबासुद्धा. मी ड्यूटीशिवाय कुठे बाहेर पडेनासा झालो.

तिसऱ्या दिवशी प्यून दारात. हातात लिफाफा, पोचवहीवर सही घेतली. काका शेजारी राहायचे हो! भिंतीवरून हाक मारली असती तरी चाललं असतं.

आत टाइप केलेलं पत्र. 'प्रतिस्पर्ध्याची विचारपूस करताना आपण गार्ड खाली घेतलात, अशी प्रतिकूल नोंद करण्यात येत आहे. काही म्हणणे असल्यास तीस दिवसांत.'

मी चिडून त्याच कागदामागे एक ओळ लिहिली आणि परत पाठवला.

'त्याच्या नाकातून रक्त येत होतं, काका.'

संध्याकाळी काका स्वतः आले. चपला काढल्या, खुर्चीवर बसले, चष्मा पुसला.

"प्रतिनिवेदन मान्य. नोंद रद्द. कनिष्ठांशी वागणूक, उत्कृष्ट."

मग आईने दिलेला लाडू तोडत म्हणाले, "पण बॉक्सिंग सोड बाबा. तुझ्याच्याने नाही होणार."

मी सोडलं. पण दुसऱ्या दिवसापासून ताठ चालायला लागलो, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तर काल.

तिवारीजी चौथा माणूस शोधत होते आणि मी बाजूला उभा. तेवढ्यात काकांची मुलगी मंजू पुढे आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र खणखणीत.

"काकाजी, बाबांना तिरकं न्यायचं तर तिरकं न्या. पण हेमंतदादा पाहिजे."

तिवारीजींनी मला जागा करून दिली.

मी मागच्या उजव्या बाजूला लागलो. गुडघे वाकवले. एवढे वाकवले की जावईबापूंच्या खांद्याला माझा खांदा लागला. दारापासून गाडीपर्यंत साठएक पावलं असतील. पुढे घाटावर गाडीपासून ओट्यापर्यंत आणखी तेवढीच.

काका अगदी हलके झाले होते.

मागून तिवारीजींचा रडवेला आवाज, "थोड़ा और नीचे, भैया. थोड़ा और."

मी आणखी खाली झालो.

तिरडी सरळ गेली.

आज मांड्या इतक्या भरून आल्यात की खुर्चीतून उठताना टेबल धरावं लागतंय. बायको म्हणाली, बाम लावते. म्हटलं, राहू दे. दोन दिवस दुखू दे.

नीट जा, काका. मनापासून श्रद्धांजली.