मागून आलेला खो

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याचा अंदाज मी आठवडाभर आधीच बांधून ठेवला होता. जिंकू, पण घाम फुटेल. मी स्वतः जन्मात कधी खो-खो खेळले नव्हते. लग्न होऊन नाशिकला आले, धाकटी नणंद शाळेच्या संघात होती, आणि तिला आणायला मैदानावर जाता जाता मला या खेळाचं वेड लागलं. गंगापूर रोडला आमच्या घरामागेच ते मैदान होतं. कठड्यावर बसून मेथी निवडायची आणि सरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मुलींच्या चुका काढायच्या, हा माझा संध्याकाळचा उद्योग. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं नवरा म्हणायचा. तरी मोठा सामना आला की तोच हळूच विचारायचा, ‘काय होईल गं?’

तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. अंतिम सामन्यात समोर होत्या पेठकडच्या डोंगरातल्या मुली. अनवाणी पळायच्या, आणि पळतीला उतरल्या की हाताला लागायच्या नाहीत. आमचा जोर बसतीवर, म्हणजे ओळीत बसून पाठलाग करण्यावर. निदान आदल्या वर्षापर्यंत होता.

खो-खो सगळ्यांनीच शाळेत खेळलेला असतो, पण तो किती विचित्र खेळ आहे हे मला कठड्यावर बसून कळलं. खो नेहमी मागून येतो. पाठीवर हात आणि कानात ‘खो’, दोन्ही एकदम. वळून बघायचं नाही, विचार करायचा नाही, उठायचं आणि पळायचं. जिने खो दिला ती तुमच्या जागेवर बसते. खो नसताना उठलात तर फाऊल, आणि उशिरा उठलात तर समोरची केव्हाच पसार झालेली असते.

नणंदेला खो द्यायची ती त्यांची कॅप्टन. बारीक चणीची, आवाज कायम सर्दी झाल्यासारखा घोगरा. तिचा ‘खो’ मोठा नसायचा, पण कठड्यापर्यंत यायचा. आणि वेळ कधी चुकायची नाही; पळणारी कुठे वळणार हे तिला त्या पोरीच्या आधी कळायचं. पावसाळ्यात तिला ताप आला. साधाच म्हणता म्हणता चार दिवसांत ती गेली. नणंद तिच्या घरी जाऊन आली, हातपाय धुतले आणि अभ्यासाला बसली. रडली नाही. मला ते तेव्हाच बरं वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर सराव पुन्हा सुरू झाला. कॅप्टनच्या जागी आलेली मुलगी जोरात ओरडायची, पण तिचा खो नेमका एक पाऊल उशिरा पडायचा. मी कठड्यावरून सांगून दमले.

सामन्याच्या आठवड्यात, सोमवारी, दिवेलागणीची वेळ होती. गार वारा सुटला होता आणि पलीकडचा खांब अंधुक दिसायला लागला होता. नणंद खांबाजवळच्या चौकोनात बसली होती. नवी कॅप्टन अजून मैदानाच्या मध्यावर होती, आणि नणंद एकदम उठून पळाली. शिट्टी वाजली, फाऊल. सर म्हणाले, “खो नसताना कशी उठलीस?”

“मिळाला ना सर,” ती म्हणाली. तिच्या मागे कुणीच नव्हतं. मुली हसल्या.

मंगळवारी पुन्हा तेच झालं. या वेळी कुणी हसलं नाही.

घरी मागच्या दोरीवर कपडे वाळत घालताना तिने मला सांगितलं. “वहिनी, तिचाच आवाज होता. पाठीवर हातपण होता. गार.” मी तिचा शर्ट धुतला होता, म्हणून मला आठवत होतं, पाठीवर मातीचे पंजेच पंजे होते. सरावाला रोजच असतात. त्यातला कुठला कुणाचा, हे कोण सांगणार?

मागच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, हे आम्हा दोघींच्या लक्षातच आलं नाही. सासूबाई मूळच्या देवळ्याकडच्या. रागावल्या किंवा घाबरल्या की त्यांची अहिराणी बाहेर यायची. त्यांचा एक नियम होता. मागून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं, आणि ओ देणाऱ्याला बरोबर घेऊन जातं. मी सून म्हणून आले तेव्हा या नियमावर फार हसले होते. एकदा तर त्या अंगणातून हाका मारत राहिल्या आणि मी तिसरीची वाट बघत बसले, म्हणून बोलणीही खाल्ली होती. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

त्या एवढंच म्हणाल्या, “खेळाले जानं नही.”

नणंद जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी सासूबाईंनी तिच्याकडून शपथ घेतली. खेळ, पण तिसऱ्यांदा ऐकू आल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. आता खो-खोत तिसऱ्या हाकेला उठायचं म्हणजे गाडी गेल्यावर तिकीट काढायचं. सरावात ती बसून राहायला लागली. नवी कॅप्टन पाठीवर थापा मारतेय आणि ही दगड. सर चिडून म्हणाले, असंच चाललं तर रविवारी बाहेर बसायचं. ती त्यांचं ऐकत होती, पण बघत होती माझ्याकडे.

मी कठड्यावर बसून सगळा हिशोब पुन्हा मांडला. मला या गोष्टींत दुसरं काही येत नाही, सामना तेवढा बघता येतो. सोमवारचा आणि मंगळवारचा तो क्षण मी डोळ्यांपुढे आणला. पळणारी कुठे होती, कुणीकडे वळत होती, आणि नणंद उठली तेव्हा दोघींत किती अंतर होतं. आणि माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. दोन्ही वेळा खो अचूक होता. त्या क्षणी तिथे खो मिळाला असता तर गडी बाद झालाच असता. तसा खो आमच्या संघात आता कुणालाच देता येत नव्हता. मला भीती वाटली, खरंच वाटली. मैदानात मुली आरडाओरडा करत होत्या आणि मला एकटं बसवेना. मी भाजी उचलून घरी आले.

शनिवारी गच्चीवर नणंदेने मला सरळ विचारलं, “वहिनी, मी ऐकू का नको?”

सासूबाईंची शपथ एकीकडे. तिला काही झालं तर हे घर मला आयुष्यभर जाब विचारणार होतं. पण तिचा चेहरा असा झाला होता, की बसून राहिली तर ही पोर कायमची बसूनच राहील, असं मला वाटलं. मी विचारलं, “जिवंत असताना तिने तुला एकदा तरी चुकीचा खो दिला होता?”

“नाही.”

“मग उठ.”

रविवारी देवळाली कॅम्पच्या मैदानावर इतकं धुकं होतं की सामना उशिरा सुरू झाला. तरी ते पुरतं उठलं नाही, गुडघ्याएवढं जमिनीवर राहिलंच. सासूबाई माझ्याशेजारी शालीत बसल्या होत्या. अंदाजाप्रमाणेच घाम फुटला. शेवटच्या डावाला आमची बसती आली, वेळ संपत आली, गुण बरोबरीत, आणि जिंकायला एक गडी हवा होता. मैदानात पळत होती त्यांची सगळ्यात चपळ मुलगी.

नवी कॅप्टन तिच्यामागे धावली आणि दवात घसरली. तोंडावर आपटली, नणंदेपासून तीन चौकोन दूर. तिला पडलेली पाहून पळणारी थबकली, नेमकी नणंदेच्या समोर. आणि नणंद उठली. एका झेपेत तिने त्या मुलीच्या खांद्याला हात लावला. मी शिट्टीची वाट बघत राहिले. शिट्टी वाजली, ती गडी बाद झाल्याची.

त्यांचे सर धावत आले. “खो दिलाच नाही! देणारी तर पडली होती!” पंच एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा ती बाद झालेली पेठची मुलगीच धापा टाकत म्हणाली, “दिला ना सर. म्या आयकला. लय घोगरा व्हता.”

आमची कॅप्टन अजून तोंडातली माती थुंकत होती. माझ्या हातात सासूबाईंची बोटं रुतली. त्या गर्दीकडे बघत नव्हत्या. त्या बघत होत्या नणंदेच्या चौकोनाकडे, जिथे खो देणारीने बसायचं असतं. तिथे धुकं होतं.

परतताना बसमध्ये मुली कप नाचवत गात होत्या. नणंद आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती आणि रडत होती, पावसाळ्यापासून राहिलेलं सगळं. सासूबाई हळूच म्हणाल्या, “कितवी हाक व्हती?”

“पहिलीच.”

“आनि तू ओ दिधी?”

“ओ नाही दिली, आई. नुसती उठले. ती माझ्या जागेवर बसली.”

आता शपथ मोडल्याबद्दल उद्धार होणार, आणि त्यात माझंही नाव निघणार, म्हणून मी अंग चोरून बसले. पण सासूबाईंनी अंगावरची शाल काढून लेकीच्या पाठीवर घातली आणि तिथे हात ठेवला.

“बसू दे माय तिले,” त्या म्हणाल्या. “दमनी व्हई.”