एका आढ्याखाली

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नसे. आठव्या महिन्यात पोटुशीनं प्रवास करायचा नाही, म्हणून सासूबाईंनी तो महिना मला घोडेगावलाच ठेवून घेतलं आणि नववा लागल्यावर नवऱ्याबरोबर एसटीत बसवून दिलं. नगरला गाडी बदलून आम्ही जामखेडच्या गाडीत बसलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. बाहत्तरचा दुष्काळ, रस्त्याच्या कडेला जागोजागी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेली. पण खरं सांगायचं तर माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. मला आई हवी होती. वर्ष-दीड वर्ष सासरी शहाण्यासारखं वागून मी थकले होते. आता आईजवळ जाऊन जरा रडायचं, हे नको ते नको म्हणायचं, पाय चेपून घ्यायचे, असं मनाशी ठरवूनच निघाले होते.

आई बाहेर आलीच नाही. दाराआडून तिचा हात तेवढा आला, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि परत आत गेला. दादा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, दोघं ओसरीवर उभे होते. आत्या विधवा, मला कळायला लागल्यापासून ती आमच्याच घरी. नवऱ्यानं गुळाचा चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून तो उठला. "जेवून जावा की," असं आई स्वयंपाकघरातून म्हणाली, पण चेहरा दाखवला नाही. मला असा राग आला! जावयाला इतकं लाजायला ही काय नवी नवरी लागून गेली आहे? माणूस नगर ओलांडून बायकोला सोडायला आला, त्याला साधं तोंड दाखवायला काय होतं?

तो गेल्यावर मी तरातरा आत गेले. आई चुलीपुढे पाठमोरी बसली होती. मला बघून उठायला लागली, आणि उठताना तिनं आधी एक हात जमिनीला टेकला, मग दुसरा कमरेवर ठेवला. तशीच मी महिनाभर उठत होते. पदर सरकला आणि मला सगळं दिसलं.

"कितवा?"

"तुज्या बरुबरचाच," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

माझ्या पाठीवरची दोन मुलं लहानपणीच गेली होती, आणि त्यालाही किती वर्षं लोटली होती. सातव्या महिन्यात माझी ओटी भरायला दादा एकटेच का आले होते, ते आता कळलं. आईला कामावरून सुट्टी मिळाली नाही, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं.

"मला सांगितलं का नाही?"

"कुनाच्या तोंडी सांगू? तुज्या सासूच्या? लेक पोटुशी अन् आई बी पोटुशी, आसं?" एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. रडतेय असं मला वाटलं, तर ती हसत होती. मग मलाही हसू आलं. आम्ही दोघी चुलीपुढे बसून पोटाला हात लावून हसलो. तेवढाच काय तो माझ्या माहेरपणाचा आनंद.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, "एका आढ्याखाली दोन बाळंतिनी नगं. एकीनं जायाला पायजे."

सातवीपर्यंत शिकलेली मी. तोंडाळही होतेच. "आत्या, कुठल्या जमान्यातलं बोलतेस? दवाखान्यात एका छपराखाली वीस-वीस बाळंत होतात!"

आत्या चिडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मी तयारच होते. पण ती शांतपणे म्हणाली, "तुजा जलम झाला तवा मी बी हितंच बाळंत झाले. पैलंच हुतं माजं. म्हायेरी आलते. तवा बी थोरल्यांनी सांगितलं हुतं, कुनी ऐकलं न्हाई. माजा ल्योक पाचवी पुजायच्या आधी गेला. तू ऱ्हायलीस."

हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी आईकडे बघितलं. आई खाली मान घालून बसली होती. त्याच आत्यानं मला न्हाऊमाखू घातलं होतं, माझ्या वेण्या घातल्या होत्या. तिचं म्हणणं खरं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तिच्यापुढे बसून तसं म्हणायचं कसं?

दादांनी तोडगा काढला. "आढं एक नको ना? मग दुसरं घालतो." अंगणात त्यांनी चार खड्डे घेतले, चार मेढी रोवल्या, वर आडवी लाकडं बांधली. दिवसभर खडी फोडून आलेला माणूस, आल्या पावली तिकडे लागायचा. पण वर शाकारायला काही नव्हतं. गोठ्याचं छप्पर उतरवून ते आधीच बैलांना खाऊ घातलं होतं. उसाचं पाचट मिळेल म्हणून दादा दोन गावं फिरून आले. आमच्या भागात ऊस कुठला! प्यायचं पाणी नदीच्या झिऱ्यातून वाटीवाटीनं भरायचं, तिथं पाचटाची काय कथा. मेढी तशाच उभ्या राहिल्या. दादा ओसरीवर बसून त्यांच्याकडे बघायचे आणि विडी ओढायचे. 

आईचं काम मात्र चालूच होतं. बाजेची सैल पडलेली सुंभं दादांकडून आवळून घेतली. गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या. ओवा, बाळंतशोपा निवडून पुरचुंड्या बांधल्या. जुनी लुगडी फाडून बाळुती केली. सगळ्याचे दोन वाटे. मऊ कापडाचा वाटा माझा, धोतराच्या जाड कापडाचा तिचा. मी गुपचूप अदलाबदल करायचे, ती गुपचूप परत करायची. आणि एवढ्या सगळ्यात कोण जाणार यावर आमच्या घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. दिवस मात्र दोघींचेही भरत आले होते.

शेवटी मीच म्हणाले, "मी जाते घोडेगावला."

"खुळी का तू? भरल्या पोटानं म्हायेरातनं माघारी गेलीस तर जलमभर ऐकावं लागंल. पैल्या बाळंतपनाला आई-बापानं घरात ठिवली न्हाई म्हनतील."

"मग?"

"मग काय! मला बी म्हायेर हाय की."

तिचं माहेर! बीडच्या अंगाला मामाचं गाव. आजीला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आई गेल्यावर कसलं माहेर, असं हीच म्हणायची आणि दिवाळीलाही तिकडे जायची नाही. आता या दिवसांत बैलगाडीतून, हाडं निघालेल्या बैलांच्या मागे बसून, ती भावजयीच्या दारात जाणार होती. मी रडले, हातपाय आपटले. "तू नसलीस तर मला माहेर कशाला पाहिजे?" असं ओरडले. आत्या सुपातले खडे वेचत राहिली. दादा गाडीच्या चाकाला वंगण घालायला उठले. त्या घरात कुणीच कुणाचं वाईट चिंतत नव्हतं, आणि तरी कुणालाच काही करता येत नव्हतं. निजताना मी आईचा पदर हातात धरून निजायचे, अगदी लहानपणासारखी. तिनं तो एकदाही सोडवून घेतला नाही.

निघायच्या सकाळी आईनं डोक्यावरून पदर घेतला, गाठोडं काखोटीला मारलं आणि दाराशी थांबली. आत्या कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि तिनं तो माझ्या हातात दिला. सवाष्णीची ओटी भरल्याशिवाय तिला घरातून पाठवत नाहीत. आत्याला ती भरता येत नव्हती, आणि घरात दुसरी सवाष्ण मीच.

मी आईला कुंकू लावलं. माझी ओटी भरून मला बाळासह सासरी पाठवायची म्हणून आईनं एक खण जपून ठेवला होता, तोच काढला. ओंजळभर गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड. आईनं पदर पुढे केला. आम्हा दोघींची पोटं मध्ये, त्यामुळे हात पोचेना. मला एक पाऊल बाजूला सरकावं लागलं. गहू सांडले. पाया पडायला वाकायला गेले तर तिनं दंड धरला. "ऱ्हाऊ दे. वाकू नगं."

पुढे काय म्हणायचं ते मला माहीत होतं. मी सासरी निघाले तेव्हा आई जे म्हणाली होती तेच. "नीट राहा. सांगावा धाड. लवकर ये." ते मी आईला म्हटलं. तिनं लहान मुलीसारखी मान हलवली आणि गाडीत चढली. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी दारात उभी होते. गाठोडं नेलं त्यात मऊ कापडाचं एकही बाळुतं नव्हतं, ते नंतर कळलं.

माझ्या कळा भर दुपारी सुरू झाल्या. सगळं आत्यानंच केलं. मी "आई गं" म्हणून किंचाळत होते, आणि प्रत्येक वेळी आत्या म्हणायची, "व्हय गं, व्हय." तिच्या हातात मुलगी आली तेव्हा ती तिला घेऊन दाराकडे वळली आणि बराच वेळ माझ्याकडे तोंड केलं नाही. पाचवी पुजून होईपर्यंत ती बाजेजवळून हलली नाही. दाराच्या चौकटीतून मला त्या चार मेढी दिसायच्या.

तिकडे आईला मुलगा झाला. माझ्या मुलीचा मामा तिच्यापेक्षा थोड्या दिवसांनी लहान आहे. पुढे तिच्या लग्नात तिला बोहल्यावर आणायला तो उभा राहिला, तेव्हा सगळा मांडव हसला होता. आईसुद्धा.

त्या रात्री मांडवात पाहुणे पांगल्यावर मी तिला विचारलं, "आई, मामाकडे तुझ्याजवळ कोण होतं गं?"

"हुती की भावजय. येऊन-जाऊन."

"आणि कळा आल्या तेव्हा? मी तर तुझ्या नावानं नुसता हंबरडा फोडला होता."

"मी कुनाच्या नावानं फोडू? आई तर कवाच गेलती." ती पानाला चुना लावत होती. "तुलाच हाका मारल्या."

तेव्हा मी इकडे बाजेवर मुलीला पाजत पडले होते. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.