पंधरा मिनिटांत बसणारा दस्ता

विल्सन तुस्कानो बंदुकीला घाबरतो. दोह्यातल्या एका बंदुकीच्या दुकानात तो नऊ वर्षं कारागीर आहे, त्यामुळे ही माहिती त्याने मालकापासून जपून ठेवली आहे. बाकी कोणापासून लपवायची सोय नाही, कारण त्याची बायको लवीना चहाबरोबर ती प्रत्येक पाहुण्याला देते. वसईत शेजाऱ्यांनी फटाक्यांची माळ लावली की हा मोरीत जाऊन दार लावायचा, हेही ती सांगते. बिस्किटं संपली असली तर जरा जास्तच सांगते.

विल्सनचं खरं नातं लाकडाशी. बाप सुतार, आजा सुतार. तेरा वर्षांपूर्वी तो कतारला आला तो द पर्ल ह्या श्रीमंतांच्या बेटावरच्या फ्लॅटांना दारं बसवायला. राहायला बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत, एका खोलीत आठ जण, आणि दिवसभर हात कोणाच्या तरी समुद्राकडे तोंड केलेल्या बेडरूममध्ये. त्याने बसवलेलं दार बोटाने ढकललं तरी हलकेच मिटायचं. असं एक दार बंदुकीच्या दुकानाच्या मालकाच्या घरी मिटलं आणि विल्सनचं नशीब उघडलं. मालकाने त्याला उचलून दुकानात आणलं. काम सोपं होतं. दिवाणखान्यात टांगायच्या जुन्या लष्करी रायफलींना तेल-पॉलिश करायचं. त्या रायफलींनी शेवटची गोळी कधी झाडली ते त्यांनाही आठवत नव्हतं, म्हणून विल्सन त्यांच्यात सुखी होता.

मग डिसेंबरात अबू राशिद आले.

वय शहात्तर, सोबत वडिलांची थ्री-नॉट-थ्री रायफल. दर डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी हे आणि त्यांचे चार मित्र शूटिंग रेंजवर जमतात, प्रत्येकी पाच गोळ्या झाडतात आणि पुढे वर्षभर त्या पंचवीस गोळ्यांवर भांडतात. गेल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा अबू राशिदना नुसतं बसावं लागलं. डॉक्टरांनी यंदा परवानगी दिली, पण एका अटीवर. दस्ता, म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकतो तो भाग, आखूड हवा आणि धक्का सोसणारा हवा. मुलाने परदेशातून नवा मागवला होता. काळा प्लास्टिकचा, लांबी कमी-जास्त होणारा, मागे रबराची गादी.

"शनिवार से पहले हो जायेगा?" अबू राशिदनी विचारलं. इथले म्हातारे आपल्या कामगारांशी जी हिंदी बोलतात तीच त्यांची. "पिछला साल मैं बैठके चाय पिया. सब मेरे को देखके हँसा. अबी दुबारा चाय नहीं पियेगा."

"हो जायेगा, बाबा," विल्सन म्हणाला. तो सगळ्यांना हेच सांगतो, आणि होतंही.

खोका घरी आला. बंदूक दुकानातच, खोका फक्त अभ्यासाला. विल्सनने ते प्लास्टिक टेबलावर ठेवलं आणि कोणीतरी मेलेला उंदीर ठेवावा तसं त्याच्याकडे बघितलं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हा सगळ्या जुन्या रायफलींना पंधरा मिनिटांत बसतो.

"पप्पा, फिफ्टीन मिनिट्स. नो स्पेशल टूल्स," मुलगी सेलीनने वाचून दाखवलं. तिला मराठी कळतं. बोलायची वेळ आली की संपतं.

"शंभर वर्षांपूर्वी ते लाकूड कोणीतरी हाताने बसवलंय. त्याला विचारलं का ह्यांनी?" विल्सन म्हणाला.

त्या शुक्रवारी दुखानहून, म्हणजे कतारच्या पार दुसऱ्या टोकाहून, शशिकांत जेवायला आला होता. तेल कंपनीत इंजिनियर, मूळचा पुण्याचा, म्हणजे मत तयारच. बंदूक त्याने फक्त सिनेमात पाहिली होती, पण व्हिडिओ तीन पाहिले होते.

"विल्सनराव, ह्यात आहे काय? मागचा दस्ता एका लांब बोल्टवर असतो. तो सोडवा. खलास."

"आणि पुढचं लाकूड? नळीखालचं?"

"त्याचा काय संबंध? तुम्ही साधं कपाट कसं सुटं करता?"

"पाठीकडून," विल्सन म्हणाला. बापाची ती शिकवण होती. पलंग असो, कपाट असो, आधी पाठ.

"मग?" असं म्हणून शशिकांतने बोंबलाकडे लक्ष वळवलं. दुसऱ्याच्या रायफलीचा प्रश्न सोडवला की त्याला भूक लागते.

रविवारी दुकानात विल्सनने दस्त्यात लांब स्क्रू-ड्रायव्हर घातला. बोल्ट हलेना. त्याने दांड्यावर पाइप चढवला आणि जोर लावला. टक् असा आवाज आला. आयुष्यभर लाकडात घालवलेल्या माणसाला त्या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी उतरवायचं असतं, नाहीतर बोल्टबरोबर तीही पट्टी फिरते आणि लाकूड फोडते. तिन्ही व्हिडिओंमध्ये हे होतं. शशिकांतने ते पुढे ढकलून पाहिले होते.

पुढच्या लाकडाला चार बोटं लांब चीर. अबू राशिदच्या वडिलांच्या रायफलीत, आणि विल्सनच्या हातून पहिल्यांदाच.

नव्या संचात पुढचा प्लास्टिकचा तुकडाही होता. तो घालून पाहिला, तर बसेना. ज्या मॉडेलसाठी तो ओतला होता ते ह्या रायफलीच्या नंतरचं निघालं. 'सगळ्या जुन्या रायफली' म्हणजे ही सोडून सगळ्या.

बुधवारी अबू राशिदचा फोन आला. "हो गया?"

विल्सनच्या तोंडून शब्द निघाला, "इन्शाल्ला."

पलीकडून फोन बंद. अर्ध्या तासात गाडी दुकानासमोर. अबू राशिद काठी टेकत आत आले आणि खुर्ची न घेता म्हणाले, "इंडियन बोलता, हो जायेगा, तो होता है. इंडियन बोलता इन्शाल्ला, मतलब कुछ तोड़ा. दिखाओ."

विल्सनने दाखवलं. शशिकांतचं नाव घेतलं नाही. लवीनाकडे चहा पिणाऱ्या आम्हा मंडळींना हे कळल्यावर त्याची ही चूक पहिलीपेक्षा मोठी वाटली.

म्हाताऱ्याने चिरेवरून अंगठा फिरवला. मग सदऱ्याची गळपट्टी बाजूला करून खांद्यावरचा व्रण दाखवला. तोही साधारण चार बोटं.

"मेरे को डॉक्टर ने दो पिन डाला. इसको भी डालो."

"और ये आगे का प्लास्टिक नहीं बैठता, बाबा."

"आगे मेरे को क्या करना? मेरा कंधा पीछे है. यल्ला, चलो."

विल्सनने दोन पितळी खिळे घातले, सरस भरला, फडकं गुंडाळून ठेवलं. गुरुवारभर तो प्लास्टिकचा दस्ता कानशीने घासत होता आणि शिव्या देत होता, वसईच्या बोलीत, म्हणजे दुकानात कोणाला कळल्या नाहीत. पंधरा मिनिटांचं काम अकरा तासांत झालं. समोरून बघितलं तर आजोबांची रायफल, मागून बघितलं तर नातवाचं खेळणं. डोक्याला फेटा आणि खाली बर्म्युडा घातलेल्या नवऱ्यामुलासारखी ती दिसत होती.

शनिवारी विल्सनला सोबत न्यावंच लागलं, कारण अबू राशिद म्हणाले की पिन निघाली तर डॉक्टर हजर पाहिजे. चारही म्हातारे रायफल बघून पोट धरून हसले. एकाने तिच्यासाठी चहा मागवला.

पहिल्या गोळीला विल्सनने डोळे मिटले. दुसरीला आणि तिसरीलाही. पाचवी झाल्यावर उघडले, तर अबू राशिद उभे होते, खांदा चोळत, आणि लाकूड सूतभरही हललं नव्हतं. पाचातल्या दोन लागल्या होत्या, त्यातली एक शेजारच्याच्या निशाणावर. त्याची चर्चा आता वर्षभर चालेल.

"लकड़ी अच्छा," अबू राशिदनी विल्सनला सांगितलं. "लेकिन प्लास्टिक बहुत अच्छा."

हे वाक्य विल्सनला झेपायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुकानात चार म्हातारे बसलेले. चौघांचे खांदे दुखत होते, चौघांच्या मांडीवर वडिलांच्या रायफली, आणि चौघांना काळा दस्ता हवा होता, रबराच्या गादीसकट.

सध्या प्लास्टिक बसवणारा म्हणून विल्सनचं नाव पार दुखानपर्यंत पोचलं आहे. तिथून शशिकांतने विचारलं, तंत्र काय?

"आधी पुढचं काढायचं," विल्सन म्हणाला. "आणि शुक्रवारी कोणाला जेवायला बोलवायचं नाही."

शशिकांत ह्या शुक्रवारीही आला होता. लवीनाने त्याला बोंबील वाढले, आणि फटाक्यांचं पुन्हा सांगितलं.