रेणूच्या कानात सांगितलेलं उत्तर

“ते इंग्लिश मीडियमवाली काय करते? बसून राह्यते नुसती. बोलाले तर मलेच लागते.”

हे रेणू म्हणाली, पाण्याच्या टाकीमागे, कुणाला तरी. टाकीच्या या बाजूला मी, ती इंग्लिश मीडियमवाली, बाटली भरत होते. त्यानंतर मी काय केलं, ते परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते — समजून घ्या म्हणून नाही.

आमच्या कॉलेजात समसंबंधांची स्पर्धा होती. पहिल्या जोडीतलं नातं ओळखायचं, दुसरी जोडी पुरी करायची. शब्द सगळे जुन्या संस्कृत नाटकांतले. संघ दोघींचा, पण माइकवर एकीनंच बोलायचं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून बोलायची रेणू. आणि उत्तरं? ती मी तिच्या कानात सांगायची. शाळेत संस्कृत घेतलं होतं मार्कांसाठी — मार्क विसरले, शब्द राहिले.

अंतिम फेरीला हिंगणीहून तिचे बाबा आले होते. पोरगी जिंकली तर एम.ए.ला नागपूरला पाठवीन, असं त्यांनी कबूल केलं होतं. मला हे माहीत होतं. नीट माहीत होतं.

शेवटचा, निकाल ठरवणारा प्रश्न आला. नाटकाच्या सुरुवातीला नांदी, तर शेवटाला काय? भरतवाक्य — झोपेतही सांगितलं असतं. रेणूनं कान पुढे केला. मी म्हटलं, विष्कंभक.

तिनं ते खणखणीत सांगून टाकलं.

“विष्कंभक दोन अंकांच्या मधे येतो, बाई,” परीक्षक म्हणाले. “अर्ध्यातच घरी पाठवता का प्रेक्षकांना?”

सगळे हसले. तिचे बाबा सोडून.

घाबरून चुकले का मी? नाही. बरं वाटलं मला — आता खोटं कशाला बोलू?

रेणूनं माझं नाव घेतलं नाही. “माहीच चूक झाली,” असंच सांगत राहिली. आणि मी? मी तिची पाठ थोपटली. नागपूर राहिलंच. आता ती सावंगीला औषधांच्या दुकानात बसते.

तिचं ते टाकीमागचं बोलणं मला लागलं होतं. अजून लागतं. म्हणून काय झालं?

परवा तिच्या घरी गेले होते. बाहेरून एम.ए. करायचं तिच्या मनात आहे. पुस्तकं काढून बसली होती. बाबा चहा पिता पिता म्हणाले, “तवा भर सभेत हसं करून घेतलं, आता काऊन पुस्तकं काढून राह्यली?” रेणू खाली बघत होती.

मी कप ठेवला.

“काका, ते उत्तर तिचं नव्हतं. मी सांगितलं होतं. बरोबर काय ते मला माहीत होतं — मी मुद्दाम चुकीचं सांगितलं.”