एकवीस लाल ओळी आणि कालिओपीबाई

सिरोस बेटाच्या धक्क्यावर बोट कंपनीची कचेरी आहे. कालिओपी तिथं चिकटली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि कोपऱ्यात टेलेक्सचं धूड खडखडत असायचं. टेलेक्स गेलं, फॅक्स आला. नवरा गोदीत पत्रे जोडायचा, त्याचा कान त्या ठोकाठोकीत गेला. मग घरातही जोरात बोलायची सवय लागली, आणि तो दणदणीत आवाज तिला फोनवर कामी आला. वारं कितीही असो, पलीकडच्या बेटावरच्या तिकीटवाल्याला कालिओपीचं बोलणं एका दमात कळायचं.

असे तिकीटवाले एकूण चौसष्ट. कुणाचं किराण्याचं दुकान, कुणाचा कॉफीचा अड्डा, त्यातच एका टेबलावर कंपनीची पाटी. प्रत्येकाच्या खोडी कालिओपीच्या वहीत. ‘इराक्लिया: कागद नेहमी संपलेला. आधी ओरडावं.’ ‘फोलेगांद्रोस: दुपारी झोपताना वायर काढतो. पाचनंतर.’ बोटीची वेळ बदलली की ती एकेकाला फोन लावायची, पोराबाळांची चौकशी करायची, मग म्हणायची, "टोन दे." तो मशिनचं बटण दाबायचा, शिट्टी वाजायची, हिचा कागद तिकडं निघायचा.

नव्व्याण्णव सालच्या वसंतात पिरियस बंदरातल्या मुख्य कचेरीनं कॉम्प्युटर पाठवला. एकदा बटण दाबलं की चौसष्ट ठिकाणी आपोआप फॅक्स. पन्नाशीला टेकलेली कालिओपी तीन आठवड्यांत ते शिकली. कचेरीचा प्रमुख व्हायोस अजून माउस टेबलावरून उचलून हवेत फिरवायचा.

सहा डिसेंबरला सकाळी नऊला कप्तानाचा निरोप आला. रात्री आठ नंबरचा, म्हणजे वादळी, उत्तरी वारा सुटणार, बोटींना बंदी लागणार. म्हणून बेटांवरून सिरोसला परतणारी बोट पाच तास आधी निघेल. दोनुसा बेटावर ती संध्याकाळी साडेसहाऐवजी दुपारी दीडला लागेल. पुढची बोट कधी, ते वाऱ्यालाच ठाऊक. चार दिवस, नाहीतर सहा.

कालिओपीनं निरोप टाइप केला, बटण दाबलं. दहा वाजता पडद्यावर त्रेचाळीस ओळी हिरव्या, एकवीस लाल. लाल ओळींत दोनुसा होतं. तिथल्या तिकीटवाल्याची बहीण एव्दोकिया दिवस भरलेली होती, पोटात मूल आडवं, आणि सिरोसच्या इस्पितळात पोचायला तिच्यासाठी याच बोटीतली खालची निजायची खोली कालिओपीनं स्वतः राखली होती. दोनुसावर डॉक्टर म्हणजे नुकताच शिकून आलेला एक जण, आणि तोही सुटीवर.

तिनं पिरियसला स्त्रातोसला फोन लावला. कंपनीची सगळी यंत्रं तोच बघायचा.

"मॉडेमचा वेग कमी करा, कालिओपीबाई."

केला. लाल.

"बंद करून चालू करा."

केलं. लाल.

"मग बेटांवरची लाइनच खराब असणार. वारं आहे ना."

"लाइन खराब असती तर त्रेचाळीस कसे गेले रे? नाक्सोसवर सहा दुकानं. चार हिरवी, दोन लाल. वारं काय दुकानं निवडून वाहतंय?"

"मग त्यांची मशिनं बिघडली असतील."

"एकवीस? एकाच सकाळी? एका आईच्या पोटची आहेत होय ती?"

स्त्रातोस मग म्हणाला, "मॉडेमचा स्पीकर चालू करा. काय वाजतंय ते मला ऐकवा."

हे मात्र पोरानं बरोब्बर सांगितलं, असं ती नंतर सगळ्यांना आवर्जून सांगायची.

स्पीकर लावला. पहिला नंबर व्यस्त, दुसरा व्यस्त, तिसराही. कॉम्प्युटर तीनदा प्रयत्न करायचा आणि नाद सोडायचा. मग आलं दोनुसा. तिथं चक्क रिंग गेली, कुणीतरी फोन उचलला. मॉडेमनं आपली कर्कश शिट्टी मारली, आणि पलीकडून गडगडाटी आवाज आला, "हां आत्या, तुझ्या तोंडात साखर पडो. ऐकू येत न्हाय, जरा दमानं बोल." आणि फोन खाली.

कालिओपीनं कपाळावर हात मारून घेतला. तिनं लाल यादी छापली आणि नावांवरून बोट फिरवलं. निकोलास. निकोलेता. निकोलास. निकोस. निकोलास. इराक्लियाचा एक कागदवाला सोडला तर वीसच्या वीस. आज संत निकोलासाचा दिवस. दर्यावर्द्यांचा संत तो, बेटांवर दर तिसऱ्या घरात त्याचं नाव, आणि आज त्या नावाच्या प्रत्येक माणसाला अख्ख्या गोतावळ्याचा फोन. ती स्वतः पहाटे देवळात मेणबत्ती लावून, वाटेत तीन निकोलासांना शुभेच्छा देऊन कचेरीत आली होती. आणि तासभर डोकं खुपसलं होतं मॉडेममध्ये.

"व्हायोस, यांनी आज फॅक्स बंद करून साधा फोन ठेवलाय. आत्या-मावश्यांच्या कानात शिट्टी जायला नको म्हणून. दरवर्षी ठेवतात मेले."

"मग गेल्या वर्षी कसे गेले गं फॅक्स?"

"गेल्या वर्षी मी पाठवत होते. आधी शुभेच्छा, मग टोन. या डब्याला कुठं शुभेच्छा देता येतात?"

तिनं त्याच लाइनला साधा फोन जोडला, पडद्यावर ‘लगेच पाठवा’ची खिडकी उघडून ठेवली आणि दोनुसा फिरवलं. व्यस्त. फिरवलं. व्यस्त. अकरा वाजून गेले. व्हायोस पाठीमागं येरझारा घालत होता.

"बस की जरा. फरशी झिजवून लाइन मोकळी व्हायची नाय."

सतराव्यांदा लागला.

"निकोला, मी कालिओपी. शंभर वर्षं जग."

"कालिओपीबाय, तुमचीच वाट बगत हुतो. आवंदा इसरल्या म्हनलं. भाऊजी कसं हाईत?"

"बरे आहेत. ऐक, बोट दीडला लागतीय. एव्दोकियाला आत्ता खाली आण."

निकोलास खोखो हसला. "झालं का तुमचंबी सुरू? नावाचा दिस म्हनून सक्काळधरनं चौघांनी फशिवलं. येक म्हनतो बोट बुडाली, येक म्हनतो तुला मंत्री केला. आमच्या दुकानात मानसं वाइन घिऊन बसल्यात, समदी ऐकाय लागल्यात. मी आता न्हाय फसायचा."

"मी कधी चेष्टा करते का तुझी?"

"कप्तानाचं लगीन ठरलं म्हनून कुनी सांगितलं हुतं?"

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी तिनंच सांगितलं होतं.

"बरं, माझ्यावर विश्वास ठेवू नको. कागदावर ठेव. टोन दे."

"आन् कागद कोरा आला तर?"

"तर पुढच्या वर्षी मी तिथं येऊन तुझी भांडी घासीन. टोन दे, निकोला."

पलीकडं कुणीतरी ओरडलं, ग्लास खणखणले, आणि मग शिट्टी वाजली. तिनं बटण दाबलं, फोन ठेवला, आणि ओळ हिरवी झाली. मिनिटभरात निकोलासाचा उलटा फोन आला. आवाजातली वाइन पार उतरली होती.

"शिक्का हाय. कप्तानाची सही हाय."

"आहे ना? मग बोलत काय बसलायस?"

"ती वरल्या गावात आईकडं हाय. गाडीनं अर्धा तास."

"मग घड्याळ बघ आणि पळ."

उरलेल्या एकोणिसांना तिनं तसंच एकेक करून गाठलं. शुभेच्छा, टोन, बटण. कुणाच्याच पोरासुनांची चौकशी तिनं सोडली नाही, फक्त उत्तरं अर्धी ऐकली. इराक्लियावाल्यावर आधी ओरडली. सव्वाबाराला पडद्यावर लाल काही उरलं नव्हतं. मग तिनं यादीत प्रत्येक नावापुढं एक नवा रकाना काढून त्याच्या संताचा दिवस लिहिला. स्त्रातोसनं ती यादी मागून घेतली आणि सगळ्या बंदरांना पाठवली.

संध्याकाळी सहाला बोट धक्क्याला लागली. वाऱ्यानं पाणी रस्त्यावर येत होतं. कालिओपी एरवी दोन तास आधीच घरी जायची, ती आज थांबली होती. दोन खलाशांनी हात धरून एका बाईला उतरवलं. चेहरा पांढराफटक, पोट पुढं, खांद्यावर भावाचा कोट.

"एव्दोकिया तूच ना?" कालिओपीनं तिची पिशवी घेतली. "कळा?"

"बोटीवर चालू झाल्या." तिनं कालिओपीचा दंड घट्ट पकडला. "फोनवरला आवाज तुमचाच हाय. दादा गाडीत सारखा म्हनत हुता, ती बाय लबाड बोलली असती तर बरं झालं असतं, ही धावाधाव वाचली असती."

"चल, टॅक्सी उभी आहे. पाय जपून टाक, इथं फरशी ओली आहे."