सरांचा बचाव

लॉ कॉलेजात आम्हाला दावे लिहायला शिकवणारे सर पुस्तक उघडतच नसत. वर्गात आले की काहीतरी मोडायचे आणि गरजायचे, "डावीकडच्यांनो, माझ्यावर दावा लिहा. उजवीकडच्यांनो, माझा बचाव लिहा. एकेक आरोप नाकारा, गाढवांनो! नाकारला नाही तो कबूल धरतात!"

त्या दिवशी त्यांनी घरून आणलेली छत्री गुडघ्यावर मोडली. तीच शोधत आलेल्या त्यांच्या पत्नी नेमक्या दारात उभ्या!

"छत्री माझी. न विचारता नेलीत. इस्त्रीही तुम्हीच मोडलीत. आणि परवा माझी आई आली, तेव्हा मागच्या दाराने पळालात."

सरांनी एकही आरोप न नाकारता केविलवाणेपणाने आम्हा उजवीकडच्यांकडे पाहिलं.

मी पेनाला टोपण लावलं. "सर, कबूल धरतात."