डोळ्यांतला पांढरा

ती गरोदर आहे हे मला माहीत होतं. ज्या पांढऱ्या रंगात ती ब्रश बुडवत होती त्यात शिसं आहे, हेही मला माहीत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या डोक्यात होत्या, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या गाईडना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

ती म्हणजे माझ्या शाळेतल्या दोस्ताची बायको, माझ्या वहिनी. दोस्त कोल्हापुरातल्या कुंभार गल्लीतला. पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे गणपतीच्या मूर्ती होतात. मी त्याच्या बाकावर बसून दहावी झालो, पुढे रसायनशास्त्र शिकलो आणि इथल्याच एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागलो. चाळिशी ओलांडल्यावर मला पीएच.डी.ची हौस आली. हौस कसली, नड होती. ती नसती केली तर बारावीच्या पोरांना क्षार ओळखायला लावत मी निवृत्त झालो असतो.

गाईड म्हणाले, "बाहेरचं काही शोधू नका. आपल्या गावाचं घ्या." मग मूर्तिकामातले रंग हा विषय ठरला. रंगांचं रसायन, रंगवणाऱ्यांचं आरोग्य, त्यामागची श्रद्धा आणि ती कला, असं सगळं एका प्रबंधात. गाईड हसून म्हणाले होते, "चार विषय एकत्र असले की बरं असतं. समोर बसलेल्या प्रत्येक परीक्षकाला त्यातले तीन येत नसतात."

दोस्ताला सांगितलं की गल्लीतल्या कारागिरांचं रक्त तपासायचंय. एकदा हंगामाच्या आधी आणि एकदा नंतर, म्हणजे हंगामाने काय फरक पडतो ते कळेल.

"काय मर्दा, आता गणपतीचं रगात काढणार व्हय?"

"गणपतीचं नाही, तुझं."

"माझ्यात रगात कुठलं? निस्तं प्लास्टर हाय. सुई वाकंल तुझी."

पण त्याने बाही वर केली. घरातल्या सगळ्यांना बोलावलं. मास्तर आपला आहे म्हणून शेजारच्या दोन घरांनीही दिलं. वहिनींनीही दिलं. सुई टोचताना त्या भिंतीकडे बघत होत्या.

त्यांच्या कारखान्यात अंगाचे रंग कॉम्प्रेसरच्या गनने उडवतात. पितांबर, शेला, दागिने अशी कामं वाटून घेतलेली असतात. डोळ्यांची आखणी मात्र फक्त वहिनींची. ती त्या सासऱ्यांकडून शिकल्या होत्या. पोराला जमली नाही, सुनेला जमली, असं सासरे सगळ्यांना सांगायचे. सासरे गेले तरी त्यांचा सफेद्याचा डबा राहिला होता. डोळ्यातला पांढरा त्याच डब्यातला. बाजारातला पांढरा दोन हात द्यावा लागतो आणि तरी मेल्यासारखा दिसतो, याला एकच हात पुरतो, असं वहिनी सांगायच्या. बुबुळाची कड काढताना ब्रशला टोक लागतं. ते त्या ओठांनी करायच्या. ब्रश रंगात, मग ओठांत, मग डोळ्यावर. बघताना हेवा वाटावा असा तो हात होता.

माझ्या प्रबंधातल्या श्रद्धेच्या प्रकरणासाठी मी तिथेच बसल्या बसल्या वहिनींच्या सासूबाईंना विचारलं होतं, "काकू, तोंडातला ब्रश देवाच्या डोळ्याला चालतो?"

त्या मुकुटाला खडे चिकटवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "प्राणप्रतिष्ठा व्हईस्तोवर ती मातीच की. मातीला उष्टं कुठलं आलंय?"

वाक्य मला फार आवडलं. मी ते लगेच टिपून घेतलं.

निघताना सगळ्या रंगांची चिमूट चिमूट घेतली. सफेद्याचा डबा हातात घेतला तेव्हाच तो आकाराच्या मानाने जड लागला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो पांढरा आम्लात विरघळवला आणि पोटॅशियम आयोडाईडचे थेंब टाकले. ही चाचणी मी दरवर्षी पोरांकडून करून घेतो. परीक्षानळीत पिवळाधमक साका खाली बसला, पितांबराला शोभेल असा पिवळा. शिसं. हे सांगायला कुठलं मोठं यंत्र लागत नव्हतं.

मी गाईडना फोन केला. ते म्हणाले, "उत्तम. आता दुसरा नमुना होईपर्यंत गल्लीत काही बोलू नका. सवय बदलली की आधी-नंतरच्या तुलनेला अर्थ उरणार नाही. एवढी वर्षं चाललंय, अजून दोन महिन्यांनी काय होतंय? मग सगळ्यांना नीट समजावून सांगू."

मी 'बरं' म्हटलं. इथवरचं अजूनही कुणाला पटवून देता येईल. माझं मलाही तेव्हा पटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी फोटो काढायला गेलो. बाहेर पाऊस धरलेला. मूर्ती वाळाव्यात म्हणून आत हॅलोजन लावलेले, त्यामुळे रंगाची उग्र वाफ कोंडलेली. दोस्त गाडी ठरवायला गेला होता. सासूबाई मागे चहा टाकत होत्या. वहिनींनी ब्रश खाली ठेवला.

"भावजी, एक इच्यारू का? कुणाला बोलू नगासा."

"विचारा की."

"तिसरा लागलाय मला. अजून भायेर सांगितलेलं न्हाय. पयल्या दोन येळंला न्हाय राहिलं, म्हणून सांगायचं भ्या वाटतंय." मग हॅलोजनकडे हात करून म्हणाल्या, "ह्यो वास लई चढतोय आताशा. पोटातल्याला काय हुईल का वो? तुम्ही रसायनवालं, तुम्हाला ठावं असंल."

त्यांनी मला सरळ विचारलं होतं. विचारण्यासारखा जो एकच माणूस त्यांना माहीत होता, त्याला विचारलं होतं.

मी म्हणालो, "वासाने काही होत नाही, वहिनी."

"मग सुटलो बगा मी," त्या म्हणाल्या. हसल्या. ब्रश उचलला, रंगात बुडवला आणि ओठांत धरला.

मी कॅमेऱ्यातून बघत होतो. तो फोटो माझ्या प्रबंधात आहे. चेहरा दिसत नाही, तेवढी काळजी मी घेतली होती.

त्यानंतर सांगायला संधी नव्हती असं नाही. रोज जाता येता गल्लीचं तोंड लागायचं. गाडी हळू व्हायची. म्हणायचो, उद्या. मग मनात यायचं, या एकट्या बाईला सांगितलं तर घराला कळणार, घराला कळलं तर गल्लीला, आणि माझी दोन वर्षं पाण्यात. गाईडना ती गरोदर आहे हे सांगितलं असतं तर ते बहुतेक म्हणाले असते, आत्ताच्या आत्ता थांबवा. म्हणूनच मी त्यांना सांगितलं नाही. हे लिहिताना मला पहिल्यांदा नीट दिसतंय. मला कुणी थांबवू नये अशी सोय मी करून ठेवली होती.

गौरी गेल्या आणि दोनच दिवसांत वहिनींना दवाखान्यात न्यावं लागलं. पाचवा महिना होता. राहिलं नाही.

शिशामुळेच झालं, असं छातीवर हात ठेवून मला आजही सांगता येत नाही. आधीची दोन का राहिली नाहीत, तेही कुणी तपासलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं कधी कधी. या 'सांगता येत नाही'च्या आडोशाला मी बरीच वर्षं बसलो आहे.

अनंत चतुर्दशी झाल्यावर दुसरा नमुना होता. वहिनी माहेरी जायच्या तयारीत होत्या. माहेर गगनबावड्याच्या वाटेवर. टेम्पो यायचा होता. मी लॅबवाल्याला घेऊन गेलो तर दोस्त म्हणाला, "तिचं राहू दे न्हवं?" मी 'हो, राहू दे' म्हणालो नाही. वहिनींनी स्वतःहून हात पुढे केला. भावजींचं काम अडायला नको, म्हणाल्या.

महिन्याभराने रक्ताचे आकडे आले. सगळ्यात वाईट आकडा कुणाचा, हे मला लिफाफा उघडायच्या आधीच ठाऊक होतं.

मग गाईडनी सांगितल्याप्रमाणे मी गल्लीतल्या तालमीच्या खोलीत सभा घेतली. सगळ्यांना म्हणालो, काही रंगांत घातक धातू असतात, जेवायच्या आधी हात धुवा, ब्रश तोंडात घालू नका. कुणाच्या रंगात काय सापडलं ते बोललो नाही. नाव घेणं संशोधनाच्या नियमात बसत नव्हतं, आणि त्या दिवशी नियम मला फार सोयीचा वाटला. मागून एकजण ओरडला, "सर, तंबाखू घातली तर चालंल न्हवं?" सगळे हसले. मीही हसलो. सफेद्याचा डबा तपासणीला म्हणून घेऊन आलो, परत दिला नाही. त्याच्या बदल्यात नवा, निर्धोक पांढरा आणून दिला. एवढं केलं.

वहिनी माहेरी असल्याने सभेला नव्हत्या. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. दिवाळीला वहिनी परत आल्या तेव्हा मी फराळाला गेलो होतो. आतून सासूबाईंचा आवाज आला.

"देवाचा डोळा उष्टा केलास, त्येनं तुजं पोट उष्टं केलं. सरांनी भर सभेत सांगितलं न्हवं का, ब्रश तोंडात घालू नगासा म्हणून? मी काय येगळं सांगालोय?"

"आत्ती, तुम्हीच म्हणत हुता की, माती हाय म्हणून," वहिनींचा आवाज.

"म्या काय शिकल्याली हाय व्हय? सर शिकल्यालं हाईत."

मी ओसरीवर होतो. हातात चकली होती. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. दोस्त शेजारी बसला होता, हळूच म्हणाला, "चालायचंच बायकांचं, तू खा." मी खाल्ली.

त्या वर्षापासून वहिनी ब्रशला हात लावत नाहीत. दर रविवारी जोतिबाला अनवाणी चालत जातात. कुणी सांगितलेलं नाही, स्वतःच धरलंय. डोळे आता बाहेरून आणलेला कारागीर करतो, छाप लावून, भराभर. दोस्त म्हणतो, डोळं हाईत पर बगत न्हाईत. त्यांना पुढे मूल झालं नाही. म्हणजे त्यांनी होऊ दिलं नाही, असं माझी बायको एकदा म्हणाली. मी विषय बदलला.

मला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेत विचारलं होतं, कारागिरांना निष्कर्ष सांगितले का? मी म्हणालो, अभ्यासाच्या शेवटी मार्गदर्शन केलं. परीक्षकांनी मान डोलावली. गल्लीने सत्कार केला. फेटा बांधला. दोस्त माईकवरून म्हणाला, "आमचा मास्तर डॉक्टर झाला लेकाचा. आता गल्लीला औषधपाणी फुकट!" टाळ्या पडल्या. शाल द्यायला वहिनींना पुढे बोलावलं होतं. त्यांनी ती माझ्या खांद्यावर घातली आणि कडा नीट केल्या.

परवा रविवारी पुन्हा गेलो होतो. त्या जोतिबाहून नुकत्याच आल्या होत्या. कपाळाला गुलाल, टाचांना भेगा. पायरीवर बसून पायावर पाणी घेत होत्या. आत तो नवा कारागीर डोळे छापत होता. त्याच्याकडे बघत त्या मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्या शास्त्रात उष्ट्यावर काय उतारा हाय का वो?"

हसतच विचारलं. पण विचारलं.

एवढ्या वर्षांनी पुन्हा मलाच. शब्द तोंडापर्यंत आले होते. मला दोस्ताचा चेहरा दिसला, कॉलेज दिसलं, भिंतीवरची पदवी दिसली. मी म्हणालो, "चहा टाका वहिनी, दमलाय तुम्ही." त्या ओल्या पायांनीच उठून चहा टाकायला गेल्या.

हे लिहून काढलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. त्या हे वाचणार नाहीत. मी त्यांचं देणं लागतो ते एवढंच, आणि ते त्यांच्यासमोर बसून, सासूबाईंच्या देखत द्यायचं आहे: दोष उष्ट्याचा नव्हता. त्या पांढऱ्यात शिसं होतं, ते मला माहीत होतं, आणि वहिनी, तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हाला सांगितलं नाही.